गिनी आणि गावठी: अंगण एक, खुराडी दोन

वाचकांचं पत्र, थोडक्यात: "पौडजवळ आमची ११ गुंठे जागा आहे. १४ गावठी कोंबड्या आणि २ कोंबडे दोन वर्षं गुण्यागोविंदाने राहत होते. साप फार निघतात म्हणून फेब्रुवारीत तीन महिन्यांच्या ७ गिनी (गिनी फाउल जातीचे पक्षी) आणल्या. चार दिवस कोंडून मग मोकळ्या सोडल्या. पाऊस लागल्यापासून सगळ्यांना दिवसाचा बराच वेळ १० बाय १२ फुटांच्या शेडमध्ये ठेवते. तिथे गिनी गावठी कोंबड्यांना खाद्याजवळ फिरकू देत नाहीत. मोठ्या कोंबड्याची पाठ त्यांनी सोलून काढली आहे. उघडीप मिळाली की सोडते, तर संध्याकाळी कोंबड्या आत येतात आणि गिनी आंब्यावर जाऊन बसतात. गेल्या आठवड्यात रात्रीतून एक गेली, सकाळी खाली नुसती पिसं. मुंगसाचं काम असावं. दोघी जणी दोन तुकड्यांत ओरडतात, बाकीच्यांची नुसती कटकट. अंडं अजून एकही पाहिलेलं नाही. एक कोंबडी खुडूक आहे, तिच्याखाली गिनीची अंडी ठेवू का? शेजारच्या बंगल्यातले आवाजाने वैतागलेत. गिनी देऊन टाकू, की आणखी चार आणू?"

ताई, देऊन टाकायची घाई नको. आणखी आणायची तर त्याहून नको. गिनी आणि गावठी कोंबड्या एका जागेत चांगल्या राहतात, पण अंगण एक असलं तरी रात्रीचं खुराडं आणि खाद्याचं भांडं वेगळं लागतं. तुमच्याकडे आत्ता तिन्ही एक झालंय आणि वर नरांची संख्या जास्त आहे.

नर जास्त आहेत हे तुमच्या पत्रातच आलंय. दोन तुकड्यांचा, दुसरा तुकडा वर चढणारा आवाज फक्त मादीचा. नर एकाच तुकड्याची तुटक कटकट करतो, दोन तुकडे त्याला काढताच येत नाहीत. मादी घाबरली की तीही नरासारखी कटकट करते, म्हणून एकदा ऐकून मोकळं होऊ नका. तीन-चार दिवस सकाळी ऐका आणि जिने एकदा जरी दोन तुकडे काढले तिच्या पायात रंगीत रिंग घाला. ताळा म्हणून गालाखालचे लोंबते लाल-पांढरे गलूल बघा: नराचे मोठे, जाड आणि कडेला पुढे वळलेले, मादीचे लहान आणि चपटे. आठ महिन्यांच्या पक्ष्यात हा फरक सहज दिसतो. आमचा अंदाज, तुमच्या सहांत चार नर आणि दोन माद्या निघतील.

गिनी मुळात जोडीने राहणारा पक्षी. आपल्याकडे साधारण मार्च ते सप्टेंबर हा त्यांचा अंड्यांचा हंगाम, म्हणजे तुमच्या गिनी पहिल्यांदाच वयात आल्यात आणि त्याच वेळी पावसाने त्यांना कोंडलंय. दोन नरांना जोडी मिळाली, उरलेले दोघं मोकाट. त्यांचा सगळा जोर कोंबड्यांवर निघतो. कोंबड्याची लढाई समोरासमोर असते, दोन उड्या, पायावरच्या काट्याचा एखादा वार, कोण वरचढ ते ठरलं की संपलं. गिनीच्या पायाला काटा नसतो. ती मान खाली घालून, पंख पाठीवर उचलून मागून धावत येते, पाठीचं किंवा शेपटीचं पीस उपटते आणि पळते. मग पुन्हा येते. तिच्या भांडणाला शेवट नसतो आणि एकीने सुरू केलं की बाकीच्या सामील होतात. मोकळ्या रानात कोंबडा निसटतो. १० बाय १२ च्या शेडमध्ये पळून जाणार कुठे?

आधी त्या कोंबड्याकडे बघा. त्याला आजच वेगळा काढून डालग्याखाली किंवा पिंजऱ्यात ठेवा. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत आळ्या पडतात. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने जखम धुवा, कोरडी करा आणि वर जेन्शियन व्हायोलेट लावा. या जांभळ्या औषधाने जखमेचा लाल रंग झाकला जातो, तोही महत्त्वाचा, कारण लाल दिसलं की कोंबड्यासुद्धा तिथेच टोचतात. नवी पिसं फुटेपर्यंत त्याला परत सोडू नका. आळ्या दिसल्या किंवा जखम खोल असली तर घरी खटपट करू नका, पशुवैद्यकाला दाखवा.

दोन जादा नर काढून टाका. विका, कुणाला द्या, किंवा खात असाल तर खा. गिनीचं मांस चांगलं लागतं, आठ महिन्यांचा नर जरा चिवट, तेव्हा रश्शालाच बरा. राहतील दोन जोड्या. शेतीशाळांच्या हिशेबात एका नराला चार-पाच माद्या धरतात, तो बंदिस्त पैदाशीसाठी. परसात जोड्या जमल्या की पुरे, फक्त सुटा नर उरू देऊ नका.

आता शेड. १२० चौरस फुटांत २२ पक्षी म्हणजे डोक्यामागे साडेपाच फूट. नुसतं रात्रीचं झोपायला हे भरपूर आहे, दिवसभर कोंडायला अजिबात नाही. शेडच्या आत अर्धा इंची वेल्डमेशचं (तारेच्या जाळीचं) आडवं पार्टिशन घालून ८ बाय १० फूट कोंबड्यांना आणि ४ बाय १० फूट गिनींना द्या. पार्टिशन छतापर्यंत हवं. गिनी पाच फुटांची भिंत जागच्या जागी उडून पार करते. खालचे दोन फूट प्लायवुड किंवा जुन्या पत्र्याने झाका, म्हणजे जाळीतून एकमेकांकडे बघत डिवचाडिवची होत नाही.

शेडला लागून १० बाय २० फुटांचा पडवीसारखा भाग काढा: वर पत्रा, तीन बाजूंनी जाळी, पावसाच्या बाजूने ताडपत्री. मुळशीच्या पावसात याशिवाय पक्षी पाळणं म्हणजे चिखल पाळणं. जमीन आजूबाजूपेक्षा सहा इंच उंच करून मुरूम टाका, वर चार इंच भाताचा तूस. तुमच्याकडे भात गिरण्यांमुळे तूस सहज मिळेल. तूस दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करा. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला तर तो ओला आहे, तेवढा भाग काढून नवा टाका. नुसता वर चुना भुरभुरून ओलं झाकू नका.

खाद्याची भांडी दोन, आणि एकातून दुसरं दिसणार नाही अशी. पडवीच्या दोन टोकांना ठेवा आणि मध्ये उभी केलेली एखादी जुनी फळी किंवा रिकामी पोती आडोशाला लावा. नुसती दोन भांडी शेजारी ठेवली तर एकच गिनी दोन्ही राखते. पाण्याचंही तसंच. मोकळं फिरणाऱ्या मोठ्या गिनीला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम खाद्य पुरतं, पावसामुळे कोंडलेली असेल तर ८० ते १०० ग्रॅम. कोंबड्यांचं लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य चालतं. शिंपल्याचा चुरा मात्र वेगळ्या वाटीत ठेवा, ज्याला लागेल तो घेईल.

खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचायची सवय लावा. कोंबड्यांच्या काही खाद्यांत रक्ती हगवण होऊ नये म्हणून मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. कोंबडीला ते चालतं. गिनीला ते जिवावर बेततं, औषधाच्या लेबलवरच गिनीला देऊ नका असं लिहिलेलं असतं. पाय लटपटणं, बसून राहणं आणि मग मरणं. दुकानदार सुटं खाद्य देत असेल आणि कशाचं आहे ते सांगता येत नसेल तर ते गिनीला घालू नका.

रात्रीच्या झाडाबद्दल. मुंगसावर आळ घेऊ नका. मुंगूस दिवसा फिरतं. रात्री आंब्यावर चढून पक्षी नेणारं उदमांजर, रानमांजर किंवा मोठं घुबड असू शकतं, आणि तुमच्या भागात बिबट्याही नवा नाही. शिवाय ज्याला एकदा तिथे जेवण मिळालं ते परत येणार. गिनी रात्री जवळपास आंधळी असते, फांदीवर बसलेली तिला हलताही येत नाही.

चार दिवस कोंडून सोडलं, तिथे चूक झाली. गिनीला "हे माझं घर" हे डोक्यात बसायला चार ते सहा आठवडे लागतात. कोंबडी चार दिवसांत शिकते म्हणून सगळे गिनीलाही तेवढेच दिवस देतात. आता नव्याने सुरुवात करा. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन दोघांनी जा. अंधारात त्या फारशा उडत नाहीत. हाताला लागतील त्या उचला, वरच्यांसाठी मासे धरायचं लांब दांड्याचं जाळं वापरा. धरताना दोन्ही पंख अंगाशी दाबून अख्खा पक्षी धरा. पाय धरून उचलू नका, गिनीचा पाय मांडीतून निखळतो आणि तो बरा होत नाही. आतल्या चार बाय दहाच्या भागात घाला आणि पाच आठवडे शेड आणि पडवी एवढ्यातच ठेवा. एका बाजूच्या पंखाची मोठी उडायची पिसं कापली तर जाळीवर धडका घेणं कमी होतं. कोवळ्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते निळसर दिसतं, ते कापू नका. सोडायच्या आधी पिसं आली नाहीत तर सोडणं लांबवा, कारण कुत्र्यापासून वाचायला गिनीकडे उडण्याशिवाय काही नाही.

आत बसायला बांबू हवेत. कोंबड्यांचा दोन-अडीच फुटांवर, गिनींचा पाच फुटांवर, प्रत्येकीला एक फूट जागा धरून. गिनीला सगळ्यात उंच दांडी दिली की ती झाड शोधत नाही. दार तीन फूट रुंद ठेवा. कोंबड्यांच्या फूटभर खिडकीतून गिनी वाकून आत शिरत नाही, आणि अंधाऱ्या खोलीत तर मुळीच नाही. म्हणून संध्याकाळी आत एक छोटा एलईडी लावा. सगळ्या दांडीवर बसल्या की अर्ध्या तासाने बंद.

रोज सहाच्या सुमाराला, अंधार पडायच्या तासभर आधी, पत्र्याचा एकच ठरलेला डबा वाजवा आणि शेडच्या आत बाजरी टाका, प्रत्येकीला साधारण १० ग्रॅम. बाजरी दिवसभरात दुसरीकडे कुठेच द्यायची नाही. पाच आठवड्यांनी सोडताना आधी एक जोडी, बाजरीच्या वेळेच्या तासभर आधी. दुसरी जोडी आत असते, तिच्या ओरडण्यावर बाहेरची परत येते. चार-पाच दिवस असं झालं की दुसरी जोडी बाहेर, पहिली आत. मग चौघं. दुपारी सोडा, सकाळी नको, ते अंड्यांसाठीही हवंच आहे.

अंडी त्या घालत असणार, तुम्हाला सापडलेली नाहीत एवढंच. गिनी खोक्यात क्वचित घालते. तिला जमिनीवर, चारी बाजूंनी झाकलेली जागा लागते: घाणेरीची जाळी, गाजरगवत, सरपणाचा ढीग, कुंपणालगतचं गवत. अनेकदा दोन-तीन माद्या एकाच घरट्यात घालतात. दुपारच्या आसपास एखादा नर एकाच ठिकाणी उगीच उभा दिसला, तर त्याच्या दहा-पंधरा फुटांत शोधा. घरटं सापडलं की सगळी अंडी उचलू नका, पाच-सहा ठेवून त्यांवर पेन्सिलने खूण करा आणि रोज बिनखुणेची तेवढी काढा. घरटं रिकामं दिसलं की मादी जागा बदलते. हंगामात घालायचा वेळ साधारण सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत, म्हणून एक-दोन वाजेपर्यंत आत ठेवलं तर बरीच अंडी आतच मिळतात. पडवीच्या कोपऱ्यात भिंतीला तिरपी फळी टेकवून मागे पेंढा घाला, खोक्यापेक्षा ती जागा त्यांना पटते. अंडं ४० ग्रॅमच्या आसपास, एका टोकाला टोकदार, कवच इतकं टणक की कढईच्या काठावर दोनदा आपटावं लागतं.

आता खुडूक कोंबडी. तिच्याखाली गिनीची अंडी ठेवा, जरूर ठेवा, पण निव्वळ गिनीचीच. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत बाहेर येतं, गिनीचं २६ ते २८. मिसळून ठेवली की २१व्या दिवशी आई पिल्लं घेऊन उठते आणि गिनीची अंडी आठवडा बाकी असताना गार पडतात. गावठी कोंबडीला १५ ते १८ अंडी झाकता येतात. सात दिवसांपेक्षा जुनी, चिखलाने माखलेली, धुतलेली अंडी ठेवू नका. चार आठवडे बसायचं असल्याने तिला रोज एकदा उठवून खाद्य-पाणी द्या, नाहीतर शेवटच्या आठवड्यात ती वाळते आणि बसणं सोडते. कोंबडीखाली वाढलेली गिनी माणसाळते आणि आईमागे खुराड्यात झोपायला शिकते, झाडाचा प्रश्नच मुळातून कमी होतो.

तरीही या महिन्यात बसवू नका. गिनीची पिल्लं पहिले पंधरा दिवस ओल्याला भयंकर नाजूक. आई ओल्या गवतातून चालते, कोंबडीचं पिल्लू तिच्या मागे निभावतं, गिनीचं पोटाखालून भिजून गारठतं आणि संध्याकाळपर्यंत मरतं. आत्ता बसवलीत तर पिल्लं ऐन ऑगस्टच्या पावसात निघतील. ऑगस्टच्या शेवटी बसवा, सप्टेंबरअखेर पिल्लं मिळतील आणि आई-पिल्लांना पडवीतच सहा आठवडे ठेवता येईल. आत्ताच्या खुडूक बाईला उठवायचं असेल तर तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात उजेडात ठेवा, तूस-पेंढा काही न घालता.

पिल्लं निघाल्यावर लक्षात ठेवायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण एकही सोडून चालत नाही. खाली वर्तमानपत्र नको, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि मग तसेच राहतात. गोणपाट घाला. पाण्याच्या थाळीत गोट्या किंवा खडे भरा, गिनीचं पिल्लू अर्धा इंच पाण्यातही बुडतं. खाद्यात २४ ते २६ टक्के प्रथिनं लागतात. लेअर पिल्लांचं स्टार्टर त्याला कमी पडतं, म्हणून ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर घ्या (मोनेन्सिन नसलेलं, हे पुन्हा सांगतो) आणि दर दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं बारीक चिरून घाला. आई नसेल तर ब्रूडरमध्ये (पिल्लांना बल्बची ऊब द्यायच्या जागेत) पहिला आठवडा ३५ अंश, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी. पिल्लं बल्बखाली दाटीने चढली तर थंडी वाजतेय, भिंतीला चिकटून चोच उघडी ठेवली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा हे खरं. ब्रूडरला कोपरे ठेवू नका, गोल पत्रा लावा. गिनी दचकली की कोपऱ्यात एकमेकांवर चढते आणि खालची गुदमरते. मोठ्यांचंही तसंच, दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्री शेडमध्ये तो एलईडी चालू राहू द्या.

रोगांत गिनी कोंबडीपेक्षा काटक, एक अपवाद सोडून. कोंबड्यांच्या आतड्यातल्या बारीक जंतामधून हिस्टोमोनास नावाचा परजीवी येतो. कोंबडी सहसा तो नुसता अंगात बाळगते, गिनीचं यकृत बिघडू शकतं. गंधकासारखी पिवळी विष्ठा, पंख सोडून बसणं, ही खूण. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि गांडुळातूनही जातात, म्हणजे तुमच्या ओल्या जमिनीत ती राहणारच. कोंबड्या आणि गिनी, दोघांनाही एकाच दिवशी जंताचं औषध द्या, पावसाआधी आणि पावसानंतर नक्की. मात्रा वजनावर असते (मोठी गिनी साधारण दीड किलो), ती पशुवैद्यकाकडून घ्या. टर्की आणायचा विचार कधी आलाच तर या जमिनीवर नको, तिला हाच रोग सगळ्यात वाईट होतो.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दोघांनाही एकाच वेळी. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून. कुपी शंभर किंवा जास्त डोसांची असते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळून आणा. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं पाणी नको, क्लोरीनने लस मरते. विहिरीचं घ्या आणि लिटरला ५ ग्रॅम साय नसलेली दूधपूड घाला. दोन-तीन पक्षी एकाएकी मेले तर पुरून टाकू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे तपासणी होते.

सापांचं थोडक्यात. गिनी साप बघितला की रिंगण धरून बोंब मारतात, छोट्याला टोचून मारतातही. घोणस किंवा नाग त्यांच्यामुळे जागा सोडून जाईल अशी आशा ठेवू नका. सांडलेलं खाद्य उंदरांना बोलावतं आणि उंदीर सापांना. रात्री भांडी उचलून झाकणाच्या डब्यात ठेवलीत तर सहा गिनींपेक्षा जास्त उपयोग होईल. लपलेल्या घरट्यातली अंडीही सापांना खुणावतात, हे आणखी एक कारण घरटं शोधायचं.

आवाज कमी होतो, बंद होत नाही. सगळ्यात जास्त ओरडते ती कळपापासून तुटलेली एकटी गिनी, म्हणून एकटी कधीही ठेवू नका. शेड शेजाऱ्यांच्या कुंपणापासून लांबच्या कडेला असेल तर उत्तम. सकाळी सातपर्यंत दार बंद ठेवलं तर पहाटेची बोंब निम्म्याने आतच जिरते. आणि शेजाऱ्यांना अधूनमधून अंडी द्या, त्याने आवाज कमी ऐकू येतो असं म्हणतात.

राहिल्या नव्या चार. आत्ता नकोच. ऑक्टोबरमध्ये, दोन जोड्या रोज संध्याकाळी बिनबोभाट आत यायला लागल्यावर, हव्या तर दोन माद्या आणा, नर एकही नको. तीन महिन्यांच्या पुढच्याच घ्या आणि विकणाऱ्याकडे तासभर थांबून दोन तुकड्यांचा आवाज स्वतःच्या कानाने ऐका. कुणी "तितर" म्हणून काही विकत असेल तर हात लावू नका, खरा तितर वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. आणलेल्या माद्या ३० दिवस वेगळ्या, शक्यतो घराच्या दुसऱ्या बाजूला. त्यांचं खाद्य-पाणी जुन्यांचं झाल्यावर करा आणि चपला तिथल्या तिथे बदला. महिन्यात शिंक, हिरवी हगवण, मान वाकडी असं काही दिसलं नाही, तर पार्टिशनच्या जाळीआड आठवडाभर ठेवून मग मिसळा, तेही अंधार पडल्यावर दांडीवर नेऊन बसवून.